कुंभारणीने पुरलेली मडकी

एका गावात एक कुंभार होता आणि त्याची कुंभारीण होती. माणसं इतकी सरळ, की गावाला ते पचतच नव्हतं! गिऱ्हाइकाच्या हातात मडकं देण्याआधी कुंभार त्यावर टिचकी मारायचा. आवाज बद्द आला की मडकं बाजूला. "अहो, बारीकशी तर चीर आहे, द्या की स्वस्तात," असं कोणी म्हटलं तरी देत नसे. म्हणायचा, "माती देवाची आहे. तिच्यात खोट ठेवून विकली तर त्याला काय तोंड दाखवू?"

आता तुम्हीच सांगा, ती चिरलेली मडकी जायची कुठं? गावालाही हाच प्रश्न. पहाटे नवरा-बायको डोक्यावर चिरलेली मडकी घेऊन बाजाराच्या वाटेनं जायची आणि हात हलवत परत यायची. विचारलं तर कुंभार म्हणायचा, "लागतात तिकडं." एवढंच. झालं! जो सांगत नाही, त्याच्याबद्दल लोकच सांगायला लागतात. कोणी म्हणे धन पुरतात, कोणी म्हणे काहीतरी वाईटसाईट करतात. त्यांचा एक मुलगा होता, पण तो उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नसे. त्याला काय कपाळ कळणार!

पुढं कुंभार वारला. कुंभारीण थकली, तरी पहाटेची एकटीच जात राहिली.

त्या साली गावात गुरांचा रोग आला. आज याची गाय, उद्या त्याचा बैल. अशात एका गुराख्याला बाजाराच्या वाटेवर जमिनीत पुरलेलं मडकं दिसलं. नुसतं तोंड वर, आणि त्यावर दगडाचं झाकण. तो बोंबलतच गावात आला, "करणी! करणी!"

सगळा गाव कुंभाराच्या दारात जमला. पाटील म्हणाले, "म्हातारे, काय पुरलंयस ते खरं सांग. नाहीतर आजच्या आज गाव सोड."

"वाईट काही नाही पुरलं," कुंभारीण म्हणाली.

"मग काय पुरलंयस?"

"ते नाही सांगायची. केलेलं बोलून दाखवायचं नाही, असा मालकांचा नेम होता. ते गेले म्हणून मी मोडू होय?"

खणून बघायची कोणाची छाती होईना. करणीला हात कोण लावणार? पाटील मुलाकडं वळले. "तुझी आई आहे ना? मग तूच खण. नाहीतर तिच्या वतीनं शपथ घे की ती निर्दोष आहे. तुझ्या शब्दावर आम्ही परत जाऊ."

बघा, किती सोपं होतं! एक शब्द टाकायचा होता. पण मुलाच्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच आठवड्यात त्याचीही म्हैस मेली होती. चांगलंच काम असेल तर पहाटे कशाला जायचं? मडक्यावर झाकण कशाला? आणि पोटच्या पोरालाही सांगू नये?

त्यानं आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती. मुलानं मान खाली घातली आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली.

वाटेवर सगळे दहा पावलं लांब उभे राहिले. मुलानं डोळे मिटले आणि दणकन घाव घातला. मडकं फुटलं. आत ना लिंबू, ना टाचण्या, ना बाहुली. आत होतं पाणी! म्हातारीनं त्याच पहाटे भरलेलं. चिरेतून ते थेंब थेंब झिरपायचं, आणि शेजारच्या कडुनिंबाच्या रोपाची मुळं त्या मडक्याला बिलगून बसली होती. कुदळीनं त्यातली निम्मी तुटली.

एका म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "अरे, माझ्या लहानपणी ही वाट नुसती भाजून काढायची. एक झुडूप नव्हतं इथं." सगळ्यांनी वाटेवर नजर टाकली. बाजारापर्यंत दोन्ही अंगांना चिंचा, कडुनिंब, वड. इतकी वर्षं त्या सावलीत बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली होती आणि त्याच सावलीत बसून कुंभाराला नावं ठेवली होती. लोक मोठ्या झाडांच्या बुडाशी गेले. एकेका बुंध्याशी खापऱ्या निघाल्या.

पाटलांनी पागोटं उतरवून कुंभारणीच्या पायावर ठेवलं. "चुकलो, माउली."

"असू द्या," ती म्हणाली. "तुम्ही परकी माणसं. तुमच्या गोठ्यात गुरं मरत होती, तुम्हाला संशय आला. त्याचं मला काही नाही."

मग मुलगा रडत पाया पडायला वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आईच ती, दुसरं काय करणार? पण हात ठेवता ठेवता म्हणाली, "गावाला खणावं लागलं रे, ठीक आहे. पण बाळा, तुलाही खणावं लागलं?"

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून पाणी घालू लागला. त्यानं पुढं पुष्कळ झाडं वाढवली. ते कडुनिंबाचं रोप मात्र महिन्याभरात वाळलं. बापानं जाण्याआधी लावलेलं ते शेवटचं रोप होतं.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: ज्यांचं सरळ जगणं आपण जन्मभर डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याकडं पुरावा मागू नये. जग संशय घेतं तेव्हा आईबापांच्या शेजारी उभं राहायचं असतं.