उपाशी ठसे

फार फार वर्षांमागची गोष्ट. कापडावरची फुलंसुद्धा तेव्हा माणसाच्या हातानेच उमलायची. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा रंगारी राहायचा. लाकडावर नक्षी कोरून तो ठसे करी, ठशाला रंग लावी आणि कापडावर उठवी. त्याच्या हातच्या शेल्यासाठी राणीसाहेबसुद्धा महिना महिना वाट बघायच्या, आता बोला!

त्याचा मुलगा केरू मात्र लहानपणापासून घोड्यांच्या मागे. रंगाचा वास आला की नाक मुरडायचा. बापाने शिकवायला हाक मारावी आणि याने मागच्या दाराने पळ काढावा, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी तो राजाच्या पागेत चाकरीला लागला.

केरूला मुलगी झाली, बकुळा. नातीचं तोंड पाहून म्हाताऱ्याने सात ठसे कोरायला घेतले. आंब्याची फांदी आणि फांदीला लोंबणारी सुगरणीची घरटी. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपत त्याने काम पुरं केलं आणि मग अंथरूणच धरलं.

"केरू," तो म्हणाला, "बकुळाच्या लग्नाचा शेला याच ठशांनी छापून घे. तोवर नीट ठेव. धुऊन सावलीत वाळव, उन्हात टाकू नको. तोंडाला तोंड लावून रचू नको. आणि काही झालं तरी ठशांना उपाशी ठेवू नको बाबा."

उपाशी? लाकडाला कसली आलीय भूक? प्रश्न केरूच्या अगदी ओठावर आला होता. पण जन्मभर बापाच्या कामाला नाकं मुरडली, आता विचारायचं कुठल्या तोंडाने? "नाही ठेवणार, आबा," एवढंच तो म्हणाला. म्हाताऱ्याने सुखाने डोळे मिटले.

केरूने सगळं सांगितल्यासारखं केलं, हो! ठसे धुतले, सावलीत वाळवले, पेटीत शेजारी शेजारी मांडले. वारा लागून काही बिघडू नये म्हणून पेटी घट्ट बंद केली, ती पुन्हा उघडली नाही. आणि रोज संध्याकाळी पेटीपुढे गूळभाताची ताटली ठेवू लागला. पागेतला माणूस तो! उपाशी म्हणजे खायला घातलं नाही, एवढंच त्याला ठाऊक. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख असायची. "जेवले बरं का आबांचे ठसे," असं म्हणून तो हात जोडायचा.

शेजारी बयाकाकी राहायची, म्हाताऱ्याच्याच तालमीतली रंगारीण. ती एकदा म्हणाली, "काय रे केरू, ठसे जेवतात ना वेळेवर?"

"रोज जेवतात, काकी!"

"रोज? अरे, वर्षातून दोनदा पुरे की!"

काय चिक्कू म्हातारी आहे, केरू मनात म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने भातावर तूपही वाढलं. काय म्हणावं याला! मायेत कुठे म्हणून कमी नव्हती हो त्याच्या.

सोळा वर्षं गेली. बकुळाचं लग्न ठरलं. पांढराशुभ्र शेला आला, रंग कालवून झाला, बयाकाकी पदर खोचून छापायला बसली. केरूने पेटी उघडली आणि पाहतो तर काय!

पेटीच्या मागच्या फळीला हे एवढं भोक. भाताच्या वासाने आलेल्या उंदरांनी आत संसार थाटला होता. घरट्यांची बारीक नक्षी सगळी कुरतडलेली. दोन ठसे त्यांच्या दातांतून सुटले होते, पण ते सुकून मधोमध तडकले होते.

काकीने एक तुकडा उचलून त्यावर बोट फिरवलं. "अरे, याला तेल कुठंय?"

"तेल?"

"आम्ही रंगारी तेल पाजण्यालाच जेवण म्हणतो रे! वर्षातून दोनदा तेल चोळलं की लाकूड तडकत नाही. मग तू रोज काय जेवू घालत होतास?"

"गूळभात," केरू म्हणाला.

कोणीच हसलं नाही. "पुन्हा कोरता येतील का हो, काकी?" बकुळाने विचारलं. काकीने मान हलवली. ती नक्षी म्हाताऱ्याच्या बोटांत होती, दुसऱ्या कोणाला ती ठाऊक नव्हती. "असू द्या, बाबा. मी कोरा शेला घेईन," बकुळा म्हणाली खरी, पण कुरतडलेले तुकडे ती एकेक करून पदरात गोळा करत राहिली.

ती कोऱ्या शेल्यातच बोहल्यावर उभी राहिली. केरूने अक्षता टाकल्या, पाहुण्यांना पानसुपारी दिली, सगळ्यांशी हसून बोलला. जीव मात्र आत जळत होता. आबा, उपाशी म्हणजे काय हो, एवढंच तर विचारायचं होतं. मुलाने जन्मात एकदा आपल्या कामातलं काही विचारलं म्हणून म्हातारा किती हरखला असता! उठून बसला असता अंथरुणात, आणि रात्र सरेपर्यंत सांगत राहिला असता.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जे जपायचं आहे त्याला काय लागतं ते जाणत्याला विचारून घ्यावं, कारण न विचारता केलेली मायासुद्धा घात करते.