भिंगाला भ्यालेलं नाणं

लिलावाच्या टेबलावर जुनी नाणी आपापल्या राजांच्या गोष्टी रंगवून सांगत बसली होती. एक चांदीचं नाणं मात्र अंग चोरून होतं. प्राचीन क्षत्रप राजांच्या काळचं म्हणून मांडलेलं ते बापडं गेल्याच वर्षी साच्यात ओतलेलं होतं. भिंग दिसलं की ते शेजारच्या नाण्याआड सरकायचं.

कॉलेजात नाणेशास्त्र शिकवणाऱ्या मृणालिनीबाईंनी ते उचललं आणि भिंगातून कड निरखली.

“माणिकशेठ, क्षत्रपांची नाणी ठशाने ठोकलेली असतात. याच्या कडेला साच्याची रेघ आहे.”

ते नाणं विकायला आणणारा व्यापारी ओशाळला. “फसलो की हो बाई! आजच वितळवून टाकतो.”

“छे, छे! खोटं म्हणूनच मला द्या. मुलांना दाखवायला असंच एक हवं होतं.”

नाण्याने जन्मात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता वर्गात भिंग जवळ आलं, की ते आपणहून कड पुढे करतं.