भुरक्याचा मान

आठवडाभर जपानला राहून आलेला उन्मेष मित्रांना रामेन खायला घेऊन गेला. वाफाळते वाडगे समोर येताच त्याचं व्याख्यान सुरू झालं. "भुरका मारूनच खायचं. गुपचूप खाल्लं तर आचाऱ्याचा अपमान होतो." तिथून गाडी जपानी शिस्तीवर वळली ती थांबेना. कोणी काड्या उचलल्या की तो हातानेच थांबवायचा. इकडे नूडल्स फुगायला लागल्या.

वसुधाला भूक आवरेना. तिने सणसणीत भुरका मारला, पाठोपाठ दुसरा.

उन्मेषच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वसुधा, मी बोलतोय ना."

"ऐकतेय की. पण आवाज केला तर तुझा अपमान, नाही केला तर आचाऱ्याचा. दोघांतल्या कोणाचा करू, तेवढं सांग."

उन्मेषने थांबवायला पुन्हा हात वर केला. तोवर बाकीच्यांनी आचाऱ्याचा मान राखायला सुरुवात केली होती.