कोळ्याचे जाळे आणि पाणवठ्याचा चिखल

बाळांनो, सागाच्या एका जंगलात दोन मुंगूस भाऊ राहत असत. त्या जंगलाला दर उन्हाळ्यात वणव्याचे भय असे. म्हणून पानगळ संपली, की तिथले प्राणी जंगलाच्या कडेचा वाळका पाचोळा झाडून काढत आणि उघड्या मातीचा एक रुंद पट्टा तयार करत. जळायला काही उरलेच नाही, तर आग आत येणार कशी? पट्ट्याचा एकेक तुकडा एकेकाने वाटून घेतलेला असे. रानडुक्कर नाकाडाने पाने लोटी, ससा मागच्या पायांनी उडवी, आणि साळिंदरमावशी तर पाचोळ्यात चक्क लोळे, मग काट्यांना टोचलेली पाने दूर नेऊन झटकी. या सगळ्यांचा मेळ थोरला मुंगूस घाली. कोणाचे किती झाले, कोण कुठे अडले, हे सारे त्याच्या डोक्यात असे.

त्या वर्षी थंडीत थोरल्याची नागाशी गाठ पडली. नाग मेला, पण त्या झुंजीत थोरलाही गेला. धाकट्याला ते सहन होईना. कोणी दादाचे नाव काढले, की तो ताडकन उठून चालू लागे. तेवढ्यात पानगळ झाली.

"आता मेळ कोण घालणार?" सशाने विचारले.

"मी!" धाकटा म्हणाला.

म्हणाला खरा, पण सकाळी ऐकलेले दुपारपर्यंत त्याच्या ध्यानात राहत नसे. दादाने उभे केलेले काम आपल्या हातून विसकटेल, वणवा आत शिरेल आणि सगळ्यांची घरे जळतील, अशी धास्ती त्याने घेतली होती.

ही बातमी जंगलभर पसरली आणि मदत करणारे आपणहून आले. आधी आला पोपट. "मला ठेवून घे. ज्याचं काम राहिलं, त्याच्या नावाने मी दिवसभर ओरडेन," असे म्हणून त्याने लगेच सुरुवातही केली, "डुक्कर, पाला! डुक्कर, पाला! डुक्कर, पाला!"

"हा इथं राहिला, तर मी दुसरं जंगल बघतो," रानडुक्कर म्हणाला.

मग आला कोळी. त्याने टेकडीवरच्या दोन सागांमध्ये असे जाळे विणले, की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. "हा प्रत्येकाच्या नावाचा एकेक धागा," तो म्हणाला. "काम झालं, की ज्याने त्याने वर यायचं आणि आपला धागा ओढायचा. ताठ धागा म्हणजे काम झालं, सैल म्हणजे राहिलं. तुला इथं बसल्या बसल्या सगळं दिसेल."

धाकट्याला आणखी काय हवे होते? "ठरलं! आजपासून हेच!"

"अरे बाबा, जरा आम्हाला विचार तरी," रानडुक्कर म्हणाला. "पाला आम्ही झाडायचा आणि वर टेकडीही आम्हीच चढायची?"

"दादा असता, तर तुम्ही त्याला असं उलटून बोलला असता का?" धाकटा ओरडला.

सगळे माना खाली घालून निघून गेले.

जाळ्याचा कारभार सुरू झाला. रानडुकराने धागा ओढला तो तुटून तोंडातच आला, कोळ्याला तो पुन्हा विणावा लागला. साळिंदरमावशी काट्यांसकट जाळ्यात अडकली आणि तिला सोडवण्यात अर्धा दिवस गेला. ससा टेकडी चढून उतरेपर्यंत उन्हाने बेजार होई, आणि त्याच्या तुकड्यावर वाऱ्याने पुन्हा पाला येऊन पडे. धाकटा मात्र वर बसून हाका मारी, "मावशी, तुझा धागा सैल का? डुक्करकाका, तुमचा अजून लोंबतोय!"

हळूहळू एकेक धागा ताठ होत गेला. एके दिवशी सगळे जाळे ताठ झाले. धाकट्याने आभाळाकडे पाहिले. "दादा, जमलं बघ मला," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. वणवा लागला होता. वारा अजून उलटा होता, म्हणून आग तिकडेच रेंगाळत होती. "येऊ दे आली तर! आपला पट्टा तयार आहे," असे म्हणत धाकटा मोठ्या ऐटीत पट्टा पाहायला निघाला. बांबूच्या बेटापाशी आला आणि मानेपर्यंत पाचोळ्यात बुडाला. तो तुकडा साळिंदरमावशीचा होता.

धापा टाकत त्याने तिला पाणवठ्यावर गाठले. सगळे तिथेच पाणी पीत होते. "मावशी, बेटात पाला तसाच आहे! मग धागा का ओढलास?"

"तू ओरडत होतास म्हणून," मावशी खाली मान घालून म्हणाली. "त्या बेटात माझे काटे अडकतात रे. आत शिरताच येत नाही. हे सांगायला कुठला धागा ओढायचा?"

"माझाही अर्धाच झालाय," रानडुक्कर म्हणाला. "आडवं खोड पडलंय. एकट्याने हलत नाही."

धाकटा चिखलात मटकन बसला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडला. "दादाला सगळं कसं कळायचं?"

"कळायचं कसलं? विचारायचा!" रानडुक्कर हळूच म्हणाला. "पाणी प्यायला आलो, की विचारायचा, काका, काय अडलंय? बस."

धाकट्याने डोळे पुसले. मग त्यानेही विचारले, "तुम्हीच सांगा, तुम्हाला काय सोपं जाईल? टेकडी नको, हे तर कळलं."

"इथं आम्ही रोज येतोच की," ससा म्हणाला.

धाकट्याने खाली पाहिले. मऊ चिखलात प्रत्येकाचे पाऊल उमटले होते. ससा, डुक्कर, साळिंदर, ज्याचे त्याचे वेगळे, न सांगता ओळखू येणारे. त्याने शेपटीने चिखलात पट्ट्याची लांब रेघ ओढली आणि तुकडे पाडले. "ज्याचा तुकडा झाला, त्याने पाणी पिताना तिथं पाऊल ठेवायचं. जिथं पाऊल नाही, तिथं जायचं आपण सगळ्यांनी. कोणी कोणावर ओरडायचं नाही. मीसुद्धा नाही."

बेटाच्या जागी पाऊल नव्हते. अंगाने बारीक असलेला ससा बांबूत शिरला आणि पाला बाहेर उडवू लागला, मावशी तो काट्यांवर घेऊन जाऊ लागली. खोडाच्या जागी पाऊल नव्हते. सगळे मिळून खोडाला भिडले. कोळीही टेकडीवरून खाली आला. "माझं जाळं वाईट नाही," तो म्हणाला, "पण मी एकटा राहतो, एकटाच काम करतो. मला कधी कोणाला विचारावंच लागलं नाही." आणि झाडलेला पाला वाऱ्याने परत येऊ नये, म्हणून त्याने ढिगांवर धागे ताणून दिले.

तिसऱ्या प्रहरी वारा फिरला. आग डोंगर उतरून धडधडत आली, पट्ट्याच्या पलीकडचे गवत तिने खाऊन टाकले, आणि उघड्या मातीपाशी येऊन ती थबकली. तिला पुढे खायला काही मिळाले नाही. बघता बघता ती विझून गेली.

धाकटा प्रत्येकापुढे जाऊन वाकला. "काका, तुमच्यामुळे. मावशी, तू खरं बोललीस म्हणून. कोळीदादा, तुम्ही रागावला नाहीत." मग तो सगळ्यांकडे वळला. "दादाने माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही असं मला वाटत होतं. तुम्हाला ठेवून गेला की तो."

"पुरे झालं, आता रडवू नकोस," मावशी म्हणाली. "पण काय रे, चिखलात सगळ्यांची पावलं आहेत, तुझं कुठंय?"

"मी कुठे तुकडा झाडला? मी तर नुसता विचारत फिरलो."

"तुझ्या दादाने तरी दुसरं काय केलं?" रानडुक्कर म्हणाला, आणि आपले जड अंग बाजूला सारून त्याने चिखलात जागा करून दिली.

धाकट्याने तिथे आपले लहानसे पाऊल ठेवले.

तात्पर्य : कामाचे साधन केवळ देखणे आहे म्हणून निवडू नये, ज्यांना ते वापरायचे आहे त्यांना आधी विचारावे, आणि ज्यांच्यामुळे काम तडीस गेले त्यांचे उपकार कधी विसरू नयेत.