म्हाळसाची पोथी आणि नदीबाई

एकदा काय झालं, म्हाळसा गोठ्यात गाईला पोथी वाचून दाखवत होती. तेवढ्यात निरोप आला. पुराण सांगायला परगावी गेलेले तिचे आजोबा तिकडेच वारले.

ही फार जुनी गोष्ट, बरं का. तेव्हा पोथ्या शिवलेल्या नसत. सुटी पानं, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. म्हाळसा लहान वयातच ओव्या रचायची, आणि तिची वाचायची तऱ्हाही न्यारी. दिवसाला एकच पान. सकाळी आजोबांसमोर, दुपारी गाईसमोर, संध्याकाळी डोळे मिटून. शेवटचं पान तेवढं तिनं पाहिलं नव्हतं. "ते मी आल्यावर, दोघं मिळून," असं आजोबा जाताना म्हणाले होते.

मग तेरावा झाला. काकू म्हणाली, "वाचणारा गेला, आता पोथी नदीत सोडायची. रीतच आहे."

"काकू, मी वाचते की!"

"तू? तीन वर्षं तीच पोथी! आता गायसुद्धा पाठ म्हणेल. चल, ऊठ."

मग काय! काकूनं पोथी पाण्यात सोडली. रुमाल सुटला, पानं पसरली. म्हाळसा काठावर बसून राहिली.

आणि नदी बोलली! "अगं पोरी, माझ्या पोटात शंभर पोथ्या आहेत. पण मला मेलीला वाचता कुठं येतं? सांग की जरा, हिच्यात काय आहे?"

म्हाळसानं डोळे मिटले. पहिलं पान म्हटलं. टुपकन पान काठावर, तेही कोरडं ठाक! दुसरं म्हटलं, दुसरं आलं. तिसरं म्हटलं, तिसरं आलं. काकूनं आ वासला. मग तीच पदर खोचून पानं लावायला बसली. "सावकाश म्हण गं, माझा क्रम चुकतोय!"

सगळी आली. एकच पान पाण्यात उरलं.

"आणि हे?" नदीनं विचारलं.

"ते मी वाचलेलं नाही," म्हाळसा म्हणाली.

"मग ते राहू दे माझ्याकडे. शेवट तूच रच."

मग म्हाळसानं शेवट रचला. नदी अशी हसली, की काकूचं लुगडं भिजलं. पुढं दर वर्षी त्याच दिवशी म्हाळसा नदीला नवा शेवट ऐकवी. काकूही येई, गाईला घेऊन. सगळी सुखात राहिली. चला, आता तुम्हीही डोळे मिटा.

ते शेवटचं पान मात्र दोघांनी मिळून वाचायचं राहिलं.