निळा थर दिसला की

शमूची बालवाडीची पहिली सहल, आणि तीही माझ्याशिवाय. या काळजीने माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बस यायची होती सात वाजता. आम्ही मायलेकी साडेसहापासून फाटकाशी उभ्या. थंडी फारशी नव्हती, तरी तिच्या अंगावर दोन स्वेटर आणि डोक्याला कानटोपी. वेळ जावा म्हणून मी गोष्ट सांगायला घेतली. खरं तर शमूपेक्षा मलाच गोष्टीची गरज होती. तुम्हीही ऐका, लहान असा की मोठे.

फार फार वर्षांपूर्वी, राज्यं लहान होती आणि सगळे सगळ्यांना ओळखत होते तेव्हाची गोष्ट. एका गावात मूर्ती घडवणारी एक बाई राहत होती. त्याच गावात एक म्हातारी सुईणही होती. गावातलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात आलं, मग आईच्या.

सुईण वारली, तेव्हा गावाच्या लक्षात आलं की तिचं एकही चित्र कुणापाशी नाही. मग मूर्तिकार बाईने आठवून आठवून तिचा चेहरा मातीत घडवला. सुईणीची नात शेजारी बसून सांगे, "मावशी, हनुवटी अजून पुढे. आजी रागावली की आधी हनुवटी यायची, मग आजी."

चेहरा हुबेहूब उतरला. पण माती ती माती, वाळली की तडकणार. म्हणून बाईने तिच्यावर प्लास्टरचा साचा चढवला. आतला थर पातळ, त्यात नीळ कालवलेली. बाहेरचा थर जाड आणि पांढरा. मग खालच्या बाजूने सगळी माती खरवडून काढली, पोकळीला साबणाचा हात दिला आणि आत प्लास्टर ओतलं. ते आधी कोमट झालं, मग गार. तापाच्या पोराचं कपाळ बघावं तशी बाई साच्यावर हात ठेवून बसली होती.

आता मातीचा चेहरा उरला नव्हता. जे काही होतं, ते साच्याच्या आत. साचा फोडल्याशिवाय ते दिसणार नव्हतं, आणि फोडताना हात चुकला तर पुन्हा करायला काही शिल्लक नव्हतं. नीळ असते ती त्याचसाठी. निळा थर दिसला की समजायचं, आता मूर्ती जवळ आली, हात हलका करायचा.

चार दिवसांनी नात आली. "फोडायचा ना?"

"अजून ओलं आहे गं."

आठवड्याने पुन्हा आली. "आज हवा दमट आहे," बाई म्हणाली.

एकदा साच्यावर केसाएवढी चीर दिसली. बाईने घाबरून काथ्या लावून वर आणखी एक थर दिला. पुढच्या महिन्यात आणखी एक. साचा फुगत फुगत रांजणाएवढा झाला. गावकरी हसत, "बाई, सुईण आहे की हत्ती?"

बघता बघता सुईणीचं वर्षश्राद्ध आलं. नात येऊन उंबरठ्यावर बसली. "मावशी, आत आजीच आहे ना?"

"आहे गं. म्हणून तर भीती वाटते."

"मग ती इतके दिवस आत काय करतेय? तिला घरात बसवत तरी होतं का? कुणाला कळा सुरू झाल्या म्हटलं की हातातली भाकरी टाकून पळायची."

बाईला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिने छिन्नी-हातोडी उचलली. पण वरचे थर आता दगड झाले होते, हलक्या घावाला दाद देईनात. तिने जोर लावला. एक घाव निळ्याच्याही आत गेला. निळी कपची खाली पडली आणि तिच्याबरोबर कानाची पाळी.

बाईचे हात थांबले. "कान तुटला. माझ्यामुळे तुटला."

नातीने तुकडा ओच्यात घेतला. "पुढे कर ना, मावशी. मला हनुवटी बघायची आहे."

मग निळं दिसेल तिथे बाई नखाएवढी कपची काढू लागली. दिवस कलताना हनुवटी बाहेर आली. चांगलीच रागावलेली होती. "आलीस गं आजे!" नात म्हणाली, आणि तिने त्या पांढऱ्या गालाला गाल लावला.

मूर्ती चावडीपाशी बसवली. पाळी पुन्हा जोडली, पण सांधा दिसायचा तो दिसलाच. कुणी विचारलं की बाई सांगे, "ती माझ्या भीतीची खूण. पहिल्या आठवड्यात साचा फोडला असता, तर कान शाबूत राहिला असता."

गोष्टीचं सार एवढंच: साचा जपण्यासाठी असतो, कोंडण्यासाठी नव्हे, वेळेवर काढला तर तो हलक्या हाताने निघतो.

हे म्हणता म्हणता मी तिची कानटोपी आणखी खाली ओढली. वळणावर बसचा हॉर्न वाजला. शमू गंभीर झाली होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, आई, मी जाऊ ना?

"आई," ती म्हणाली, "माझी कानटोपी काढ. पण हळूच हं, कान तुटेल."