द्वारकाकाकूंनी घासलेलं गाडगं

एकदा काय झालं... थांबा हं, जरा आठवू द्या. राजा होता हे नक्की. त्याच्या वाड्यावर सोन्याचे कळस पाच होते की सात, ते आता आठवत नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला झोप लागायची, त्यामुळे मधला एखादा तुकडा निसटलाही असेल. पण गाडगं एकच होतं आणि ते काळं होतं, त्यात काही चूक नाही. तेव्हा गाडग्यापासूनच धरू या.

तर, एक होता राजा. त्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकाला होत्या द्वारकाकाकू. काकूंच्या हाताला चव होती, पण त्याहून मोठं नाव होतं त्यांच्या स्वच्छतेचं. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन त्या भांड्यांवर अशा बसायच्या, की पातेल्यात तोंड बघून कुंकू लावावं. पाणी भरणारा भिकोबा त्यांना चिडवायचा, "काकू, घासता घासता एक दिवस पातेल्याचं बूड काढाल बरं का!"

"काढीन," काकू म्हणायच्या. "पण खरकटं ठेवणार नाही."

मग राजाचं लग्न झालं. राणी आणली थेट समुद्रापलीकडून. तिचं नाव अल्माझ. वाड्यातल्या कुणाला ते नीट म्हणता येईना, म्हणून सगळे तिला अलकाबाई म्हणू लागले. ती ओ द्यायची, पण जरा उशिरा.

अल्माझबरोबर रेशमाच्या पेट्या आल्या, हस्तिदंताच्या फण्या आल्या, बारीक तपकिरी धान्याची एक पिशवी आली. आणि तिच्या मांडीवर होतं एक काळं मातीचं गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं. महिनाभराच्या प्रवासात तिनं ते कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पण वाड्यात आली आणि थकून जी झोपली, ती दुसऱ्या दिवशीच उठली. तेवढ्यात दासीनं गाडगं उचललं आणि मुदपाकखान्यात नेऊन ठेवलं.

काकूंनी फडकं सोडलं. आत आंबट वास, तळाला राखाडी राप, कडेला सुकलेले पापुद्रे.

"अगं बाई गं! किती दिवसांचं खरकटं हे! वाटेत पोरीला घासायला पाणीसुद्धा मिळालं नसेल."

आणि मग काकू बसल्या. एकदा राखेनं घासलं, एकदा शेंडीनं खरवडलं, एकदा कढत पाण्यानं विसळलं. उन्हात वाळवलं. फडकंही उकळून काढलं. मग गाडगं पदरानं पुसून राणीच्या उशाशी ठेवून आल्या. मायेनं केलं हो. त्यात वाईट काही नव्हतं मनात.

अल्माझ उठली. तिनं गाडग्याचं फडकं सोडलं आणि आत नाक घातलं. पुन्हा घातलं. मग गाडगं कुशीत घेऊन ती रडायला लागली, पण आवाज नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, माहेरची आठवण आली असेल.

त्या दिवसापासून राणीचं जेवण सुटलं.

काकूंनी पुरणपोळी केली. राणीनं कोपरा मोडला, हसली, ताट सरकवलं. मग साखरभात केला. दोन शितं खाल्ली. मग मोदक केले, एकवीस कळ्यांचे. राणीनं मोदक हातात धरून नुसता पाहिला आणि अलगद परत ठेवला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. वैद्य म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत पोटात अन्न गेलं नाही, तर माझ्या औषधाचा उपयोग नाही." पौर्णिमेला उरले होते चार दिवस.

राजा स्वतः मुदपाकखान्यात आला आणि पाटावर बसला. "काकू, मला तुम्ही भरवून मोठं केलंत. तिला काय हवंय?"

"मला कळत नाही रे बाळा," काकू म्हणाल्या. राजाला त्या अरे-तुरेच करायच्या.

त्या दिवशी राणीचं ताट आणायला गेल्या, तर गाडग्याच्या तळाशी ओंजळभर पाणी. काकूंनी बोट बुडवून चाखलं. खारट! कौलातून गळालं म्हणावं, तर आभाळ कोरडं. मग काकूंना कळलं. बाळांनो, गाडगं रडत होतं.

काकू हळूच म्हणाल्या, "काय रे झालं तुला?"

आणि गाडगं बोललं. पोकळ जागेतून वारा घुमावा तसा आवाज. "मला डोक्यावर घे आणि चाल. जिथं नाक मुरडावंसं वाटेल, तिथं बस. उठू नकोस. असं तीनदा कर."

काकूंनी शिदोरी बांधली. दोन कुरडया तळून घेतल्या, खरवसाच्या वड्या घेतल्या, हिंगाची डबी कमरेला खोचली. हिंगाशिवाय त्या कुठं जात नसत. गाडगं डोक्यावर घेतलं, एक पाऊल टाकलं, आणि काय सांगू, एका पावलात एक देश ओलांडला! शिवाय गाडगं डोक्यावर असेपर्यंत कुणाचीही भाषा आपली वाटायची.

पहिल्यांदा लागला गवताचा देश. जिकडे बघावं तिकडे गवत आणि घोडे. एका तंबूच्या दाराशी कातड्याची मोठी पिशवी लटकलेली. येणारा-जाणारा तिच्यात काठी घालून चार वेळा ढवळायचा. आत घोडीचं दूध. आंबलेलं, बुडबुडे येणारं, जिभेला चावणारं. काकूंनी नाक मुरडलं, आणि लगेच मांडी घालून बसल्या.

तंबूतल्या म्हातारीनं वाडगा पुढे केला. काकूंनी डोळे मिटून घोट घेतला. "अगं, हे तर ताक! जरा तिखट डोक्याचं, एवढंच. पण आजी, पिशवी घाण झालीये हो. धुऊन देऊ?"

म्हातारीनं पिशवीला मिठीच मारली. "धुवायची? वेडी आहेस का? मग दूध आंबवेल कोण?"

 काकूंनी कुरडई काढून दिली. म्हातारी कुडुमकुडुम खाऊन म्हणाली, "छान आहे. कशाची?"

"गव्हाची. तीन दिवस पाण्यात ठेवायचा, आंबून वास सुटला की वाटायचा, आणि त्याचा चीक शिजवायचा."

"म्हणजे चांगला गहू कुजवता?" म्हातारीनं नाक मुरडलं. मग दोघी हसल्या.

दुसऱ्यांदा लागला धुक्याचा देश. तिथे एक म्हातारा वालाएवढे शिजवलेले दाणे भाताच्या पेंढ्यात बांधून, उबेत ठेवून द्यायचा. दोन दिवसांनी पेंढी सोडली की दाण्यांना हातहात लांब चिकट तारा. वास तर विचारूच नका. काकूंनी नाक मुरडलं आणि बसल्या. एक दाणा खाल्ला. दुसरा खाल्ला. भेंडीची भाजी बिघडली की अशीच तार येते, त्यांना वाटलं, पण इथे बिघडवण्यातच कौशल्य होतं.

"विरजण काय लावता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पेंढ्यातच असतं. डोळ्याला दिसत नाही, पण असतं."

 काकूंनी घाईघाईनं खरवस पुढे केला. म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कशाचं?" काकूंनी सांगितलं, गाय व्यायली की पहिल्या तीन दिवसांचं दूध.

"पहिल्या तीन दिवसांचं? ते तर वासराचं ना?"

 साठ वर्षं काकू खरवस करत होत्या, पण वासराचा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

तिसऱ्यांदा लागला मिठाचा किनारा. ओळीनं मोठमोठे रांजण, त्यांत मीठ आणि बारीक मासे, वर्षभर उन्हात मुरत ठेवलेले. खाली तपकिरी रस थेंब थेंब गळतोय. काकूंनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. घराशेजारी कुणी बोंबील वाळत घातले की त्या खिडकी लावून घ्यायच्या. त्यांचं नाक तर मुरडलंच, पायही मागे सरले. पण गाडगं डोक्यावर जड झालं. काकू बसल्या.

रांजणवालीनं वाटी आणली आणि काकूंचा चेहरा बघून बाजूला ठेवली. "नको खाऊस. बसलीस, तेवढं पुरे."

काकूंना कसंसंच झालं. रिकाम्या हातानं कसं बसायचं? शिदोरी तर संपलेली. म्हणून त्यांनी हिंगाची डबी काढली आणि झाकण उघडलं.

आणि अख्खा गाव पळाला हो! पोरं पळाली, कुत्री पळाली. कुणी म्हणालं, काहीतरी मेलंय. कुणी म्हणालं, काहीतरी मरणार आहे. एकटी रांजणवाली बसून राहिली. डोळ्यांत पाणी, नाकाला पदर, पण बसली.

"तू माझ्या रांजणापाशी बसलीस," ती म्हणाली. "मग मी कशी उठू? हे खाता?"

"चिमूटभर. फोडणीत."

"बाई, शूर माणसं आहात."

मग काकूंनी हळूच विचारलं, "हे रांजण कधी घासत नाही?"

"तळ नाही घासत. तळाचं आईकडून आलंय. मुलगी सासरी निघाली की आई त्यातलंच थोडं काढून देते. सोनंनाणं काय, हरवलं तर पुन्हा मिळतं."

 आपण काय घासलं, ते काकूंना आता कळलं.

परत आल्या तेव्हा पौर्णिमेला तीन दिवस होते. कुणाला काही माहीत नव्हतं. बोलल्या नसत्या तर कधी कळलंही नसतं. पण काकू गाडगं डोक्यावर तसंच ठेवून राणीच्या बिछान्यापाशी जमिनीवर बसल्या.

"अल्माझ," त्या म्हणाल्या. चुकत-माकत, पण पूर्ण नाव. "बाळ, गाडगं मी घासलं. मला घाण वाटली. तुझ्या आईनं दिलेलं मी धुऊन टाकलं."

अल्माझ ताडकन उठून बसली. तिला शब्द न् शब्द कळला होता!  रागावली असेल का? रागावली असणारच. मग म्हणाली, "माझं धान्य कुठंय? बारीक, तपकिरी?"

काकूंनी जीभ चावली. खसखशीएवढं ते धान्य त्यांना पाखरांचं वाटलं होतं आणि चिमण्यांना रोज मूठमूठ घातलं होतं. पिशवी झटकली, तेव्हा जेमतेम एका वेळेपुरतं निघालं.

अल्माझ म्हणाली, "मातीचं भांडं आहे. मातीच्या पोटात काही राहिलं असेल, तर येईल. नसेल, तर नाही येणार. तीन दिवस कुणी हात लावायचा नाही."

गाडगं खाली उतरवलं आणि दोघींची भाषा तिथेच तुटली. मग पीठ दळून, पाण्यात कालवून गाडग्यात घातलं आणि दोघी वाट बघत बसल्या.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही, उलट वर एक मळकट साय धरली. काकूंचे हात शिवशिवू लागले. राख कुठंय, शेंडी कुठंय! एकदा तर बेसावधपणे राखेची मूठ भरून त्या गाडग्यापर्यंत पोचल्याही होत्या. अल्माझनं नुसतं पाहिलं. काकूंनी राख टाकली, भिकोबाला हाक मारली आणि म्हणाल्या, "माझे हात त्या खांबाला बांध."

"काकू, मला भलतंच काहीतरी सांगताय!"

"बांध म्हणते ना! आणि त्या शेंड्या नेऊन विहिरीत टाक."

भिकोबानं काकूंच्याच पदरानं त्यांचे हात बांधले. वाड्यातली माणसं बघून गेली, हसून गेली. काकू हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा. राणीला उठून बसवत नव्हतं. राजा तिच्या उशाशी बसून होता. आणि दुपारी गाडग्यातून आवाज आला. टुप्. मग पुन्हा. टुप्, टुप्. मग तोच आंबट वास दरवळला. काकूंनी जन्मभर ज्याच्यावर राख टाकली असती, तो वास त्यांनी छाती भरून घेतला.

अल्माझला राजानं आणि दासीनं धरून गाडग्यापाशी आणलं. तिनं काकूंचे हात सोडले. वर आलेलं पिवळसर पाणी आधी एका वाटीत काढून ठेवलं आणि मग पीठ तव्यावर ओतलं. हां हां म्हणता त्यावर हजार डोळे उघडले. मऊ, जाळीदार, ताटाएवढी मोठी.

"अगं, ही तर आंबोळी!" काकू म्हणाल्या.

अल्माझला शब्द कळला नाही. तिनं एक तुकडा मोडून स्वतः खाल्ला. मग आणखी खाल्ला. सबंध खाल्ली. राजा रडू लागला, पण म्हणाला, धूर गेला डोळ्यांत. मग अल्माझनं दुसरीचा घास करून काकूंना भरवला. काकूंनी नाक मुरडलं नाही. खरं म्हणजे, जरासं मुरडलं. पण खाल्लं.

मग माणसं समुद्रापलीकडे गेली आणि धान्य घेऊन आली. राणीच्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. ती हळूहळू पुरणपोळीही खाऊ लागली. त्या वाटीतल्या पाण्यातलं थोडं तिनं काकूंना दिलं, विरजणाला. काकूंच्या लखलखीत मुदपाकखान्यात कोपऱ्यात एक काळं गाडगं राहिलं, त्याला कुणी शेंडी लावायची नाही, असा काकूंचाच हुकूम. आणि खरवस करण्याआधी त्या वासराला पोटभर पिऊ देऊ लागल्या. सगळी सुखानं जेवली, सुखानं नांदली. चला, आता पांघरुणं ओढा. मिटा डोळे.

काय? खरं का हे? एका पावलात देश ओलांडता येतो का, ते माहीत नाही. तुमच्या या आजोबांनाही, म्हणजे मला, कितीतरी वर्षं ही सगळी आपल्याच मनातली भर वाटायची. पण पुढे परदेशात एका खानावळीत तशीच जाळीदार, ताटाएवढी भाकरी पुढ्यात आली. इथिओपियाची. खसखशीएवढ्या धान्याची. आजोबांनी भीत भीत तिथल्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हो, पिठावरचं ते पिवळं पाणी आम्ही पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो, त्याला एर्शो म्हणतात. आणि पुष्कळ घरांत ते भांडं घासत नाहीत.